लळिंगचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचा मुलूख

(दीपनगर, ता. भुसावळ येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळांच्या वार्षिक कार्यक्रमात सहल ही एक ठरलेली बाब आहे. दिवाळीची सुट्टी संपून थंडी पडू लागली की शाळाशाळांतून वर्गणी गोळा होऊ लागते, गाडी ठरते, मुलांचे डबे बांधले जातात, आणि एक दिवस कोठेतरी जाऊन शाळा सुखरूप परत येते. सहलवहीत दिनांक, ठिकाण, विद्यार्थिसंख्या व खर्च यांची नोंद होते. मुलांनी त्या दिवशी काय पाहिले आणि पाहिलेल्यातून त्यांच्या मनात काय उरले, यासाठी मात्र त्या वहीत रकाना नसतो. आजच्या भाषणाचा विषय हा न आखलेला रकाना आहे. तो एका उदाहरणाने मांडला म्हणजे पुष्कळसा उलगडेल. उदाहरण लळिंगच्या किल्ल्याचे आहे.

दीपनगर परिसरातील एका शाळेने सातवीच्या मुलांना लळिंगला न्यावयाचे ठरविले, तेव्हा पालकसभेत प्रथम नाराजीच उमटली. वेरूळची लेणी आहेत, अजिंठा तर जिल्ह्याच्या सीमेवरच आहे. ते सोडून पडक्या किल्ल्यात पाहण्यासारखे काय, असा पालकांचा प्रश्न होता, आणि तो अगदीच गैर नव्हता. वर्गशिक्षकांनी उत्तर दिले, ‘अजिंठ्याला मुले आज ना उद्या जातीलच. ज्या मुलखाचे नाव आपण सारे लावतो त्या खानदेशाचा कारभार एके काळी जेथून चालत होता, तेथे मात्र त्यांना कोणी नेणार नाही.’ पालकांनी संमती दिली.

दीपनगर ही वसाहत वीजकेंद्रामुळे वसलेली. तेथील वर्गात कोणाचे वडील केंद्रात यंत्रचालक, कोणाचे कोळसा हाताळणाऱ्या ठेकेदाराकडे मजूर, कोणाचे आसपासच्या खेड्यांतील शेतकरी. एका घरी लेवा बोली, दुसऱ्या घरी अहिराणी, तिसऱ्या घरी हिंदी, आणि सातपुड्यातून कामासाठी उतरलेल्या कुटुंबांत भिली अथवा पावरी. अशा वर्गाला ‘आपला परिसर’ शिकवावयाचा, तर तो कोणाचा आणि कोठवर, हा प्रश्न शिक्षकापुढे पहिल्या दिवसापासून उभा असतो. पुस्तकातील एका पानाने तो सुटत नाही.

गाडी पहाटे निघाली. दीपनगरहून धुळे सव्वाशे किलोमीटरांहून थोडे अधिक आहे, आणि धुळ्याच्या दक्षिणेस मुंबई–आग्रा महामार्गाने सुमारे दहा किलोमीटर गेले की लळिंग गाव लागते. एवढी वाट गाण्याच्या भेंड्यांत घालविता आली असती, व काही अंशी ती तशी गेलीही. परंतु गुरुजींनी प्रत्येक गटाला एक काम नेमून दिले होते. एका गटाने नद्या टिपावयाच्या, दुसऱ्याने पिके, तिसऱ्याने मातीचा रंग, चौथ्याने घरांची छपरे. भुसावळ मागे पडले तोवर पिके टिपणाऱ्या गटाच्या वहीत केळीच केळी होती. जळगाव सोडून गिरणेचा पूल ओलांडल्यावर तेथे कापूस आला. पारोळ्याला गाडी थोडा वेळ थांबली आणि मुलांनी खंदकाने वेढलेला तेथील भुईकोट पाहिला. सपाटीवरचा किल्ला खंदकाच्या बळावर उभा राहतो, डोंगरावरचा किल्ला चढणीच्या बळावर; हा भेद एरवी फळ्यावर दोन आकृत्या काढून समजावा लागतो. येथे तो मुलांनी एकाच दिवशी दोन ठिकाणी डोळ्यांनी पाहिला. धुळ्याच्या पुढे माती उजळ व खडकाळ झाली, पिके विरळ झाली, आणि रस्त्याच्या कडेने वाळलेले पिवळे गवत दिसू लागले. तापीकाठची काळी सुपीक जमीन आणि लळिंगचे कोरडे माळ ही दोन्ही खानदेशचीच अंगे आहेत, हे मुलांना सांगावे लागले नाही. त्यांच्याच वहीत ते लिहिलेले होते.

लळिंग गावात डोंगराच्या पायथ्याशी महादेवाचे जुने हेमाडपंती मंदिर आहे. तेथे हजेरी झाली, पाण्याच्या बाटल्या तपासल्या गेल्या आणि चढण सुरू झाली. वाट गवतातून व सुट्या दगडांतून जाते. या चढणीवरच एक लहानसा प्रकार घडला. वर्गात एक मुलगी होती. तिचे कुटुंब सातपुड्यातून कामासाठी आलेले. वर्गात ती बोलत नसे. प्रश्न विचारला तर खाली पाही. प्रगतिपुस्तकातील तिच्या नोंदीत ‘अबोल, वर्गकार्यात सहभाग कमी’ असे लिहिलेले होते. चढणीवर पुढच्या मुलांनी एका झाडाचे नाव गुरुजींना विचारले. गुरुजींना ते आठवेना. तेव्हा मागून त्या मुलीचा आवाज आला, ‘अंजन.’ मग तिने पान तोडून दाखविले. देठाशी जुळलेली दोन दले, जणू आपट्याचेच पान मधोमध चिरलेले. उन्हाळ्यात गवत संपले की गुरांना हा पाला घालतात, लाकूड इतके कठीण की कुऱ्हाडीची धार जाते, हेही तिने सांगितले. पुढे पळस, सालई, खैर, बोर यांची ओळख तीच करून देत गेली. वर पोहोचेपर्यंत वर्गाची वाटाडी ती झाली होती. चार भिंतींत घेतलेली परीक्षा मुलाचे किती ज्ञान मोजते आणि किती मोजायचे ठेवते, याचा विचार या प्रसंगावरून प्रत्येक शिक्षकाने करावा.

माथ्यावर पडकी तटबंदी, ढासळलेले बुरूज, दरवाजाचे अवशेष, बालेकिल्ल्यातील इमारतींचे भग्न भाग आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. सावली पाहून मुले बसली आणि गुरुजींनी इतिहास सांगितला. तो थोडक्यात असा :

इ. स. १३७० मध्ये दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याने मलिक राजा नावाच्या सरदाराला तापीकाठचे थाळनेर व करवंद हे परगणे दिले. हाच खानदेशच्या फारुकी घराण्याचा मूळ पुरुष. १३९९ मध्ये तो वारला, तेव्हा थोरला मुलगा नसीर याच्याकडे लळिंग व धाकट्याकडे थाळनेर अशी वाटणी झालेली होती. नसीरखानाने पुढे सातपुड्यातील असीरगड आसा अहीर नावाच्या गवळी नायकाकडून घेतला आणि तापीच्या तीरावर बुऱ्हाणपूर वसविले. बुऱ्हाणपूर हे नाव बुऱ्हाणुद्दीन गरीब या सत्पुरुषाचे. वृद्धपणी बहामनी सुलतानाशी त्याचे वैर आले; रोहिणखेडजवळ पराभव होऊन तो मागे हटला, बहामनी फौजेने बुऱ्हाणपूर लुटले, आणि १४३७ मध्ये नसीरखान याच लळिंगच्या आश्रयाला असताना मरण पावला. घराणे पुढे दीडशेहून अधिक वर्षे चालले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला व खानदेश मोगली सुभा झाला. शाहजादा दानियाल याच्या नावावरून त्याला काही काळ ‘दानदेश’ असेही म्हणत. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला.

हा वृत्तान्त बहुतांशी फेरिश्ता या इतिहासकाराच्या ग्रंथातून आलेला आहे, आणि येथे एक योगायोग मुलांना सांगण्याजोगा आहे. फेरिश्त्याच्या फारसी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर ज्याने १८२९ मध्ये प्रसिद्ध केले तो जॉन ब्रिग्ज हाच १८१८ नंतर खानदेशचा पहिला इंग्रज अधिकारी होता, आणि त्यानेच धुळे हे मुख्य ठाणे केले. ज्या मुलखाचा कारभार तो पाहत होता, त्याचाच जुना इतिहास तो वाचत होता.

फेरिश्त्याने असीरगडाची एक गोष्ट दिली आहे. नसीरखानाने स्त्रियांना आश्रय द्यावा अशी विनंती करून पालख्या गडावर पाठविल्या, आणि त्यांतून बायकांऐवजी हत्यारबंद शिपाई उतरले. मुलांना ही गोष्ट आवडते. ती सांगावीही. मात्र सांगताना ‘असे घडले’ आणि ‘असे लिहून ठेवले आहे’ यांतील अंतर शिक्षकाने जपले पाहिजे. फेरिश्ता त्या घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहीत होता. किल्ल्यात गुप्त धन पुरलेले आहे, येथून अमक्या गावापर्यंत भुयार आहे, अशा कथा तर प्रत्येक किल्ल्याला असतात. त्यांचीही थट्टा करू नये. ‘हे कोणी पाहिले? कोठे लिहिले आहे? खडकात एवढे भुयार खोदावयाचे तर दगड कोठे टाकला असेल?’ असे विचारावे. मुले स्वतःच योग्य जागी येतात. इतिहासाचार्य राजवाडे यांचा देह ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच पडला. गावोगाव फिरून जुनी दप्तरे गोळा करण्यात त्यांनी आयुष्य वेचले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड काढले. पुराव्यावाचून बोलू नये हा त्यांचा धडा लळिंगच्या माथ्यावर द्यावयाचा नाही तर कोठे द्यावयाचा?

गुरुजींचे बोलणे संपले. मुलांनी ते शांतपणे ऐकले. काहींनी सन लिहून घेतले. मग एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील वीजकेंद्रात काम करणारे. त्याने विचारले, ‘गुरुजी, एवढ्या लोकांना इथं पाणी कसं पुरत होतं?’

हा प्रश्न राजाच्या नावाचा किंवा सनावळीचा नाही. परंतु किल्ल्याचे सारे मर्म त्यात आले आहे. वेढा पडल्यावर तटापेक्षा टाके आधी हार खाते. ज्या मुलाच्या घरी वीजकेंद्राच्या गोष्टी चालतात, त्याला पाण्यावाचून वाफ नाही आणि वाफेवाचून वीज नाही हे ठाऊक असते. त्याच सवयीने त्याने किल्ल्याकडे पाहिले.

गुरुजींनी गणिताचा तास तेथेच घेतला. काठापासून दूर राहून, दोरीला गाठी मारून टाक्याचे माप अजमासे कसे काढावे ते दाखविले, आणि हिशेबासाठी सोपे आकडे धरले. समजा, टाके पाच मीटर लांब, चार मीटर रुंद व तीन मीटर खोल आहे. त्याचे घनफळ साठ घनमीटर, म्हणजे साठ हजार लिटर. माणशी रोज दहा लिटर पाणी धरले तर शंभर माणसांना दिवसाला हजार लिटर लागेल. तेव्हा एक टाके साठ दिवस पुरेल. बाष्पीभवन वजा करा, घोडी व गुरे असतील तर तीही धरा. मुलांनी वह्या गुडघ्यांवर ठेवून हिशेब केला. एकाने विचारले, टाके पुन्हा केव्हा भरेल? पुढच्या पावसाळ्यात, असे दुसऱ्यानेच उत्तर दिले. मृगापासून स्वातीपर्यंत जो साठा होईल त्यावर उरलेले सात-आठ महिने काढावयाचे, ही किल्ल्याची व गावाची सारखीच अडचण आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. घनफळाचे जे सूत्र महिनाभर फळ्यावर पाठ होत नव्हते, ते तेथे पाव घटकेत अंगवळणी पडले.

मग मुलांना तटाच्या आतल्या बाजूने, कड्यापासून सुरक्षित अंतरावर उभे करून खालचा मुलूख दाखविण्यात आला. उत्तरेस धुळे शहर व पांझरेचे खोरे. दक्षिणेकडे गाळण्याच्या बाजूचे डोंगर. पायथ्याशी मुंबई–आग्रा महामार्ग आणि त्यावरून मुंग्यांसारखी चाललेली वाहने. किल्ला येथे का बांधला, या प्रश्नाचे उत्तर त्या रस्त्यात आहे. दक्षिणेकडून खानदेशात उतरणारी वाट नजरेच्या टप्प्यात ठेवता येईल अशी ही जागा आहे. भोवती पसरलेले गवताळ रान म्हणजे लळिंगचे कुरण. याच कुरणात लांडोर बंगला आहे. १९३७ साली न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा तेथे मुक्काम झाला होता, आणि त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला तेथे हजारो लोक जमतात. एकाच डोंगराच्या परिसरात सुलतानाचे स्मरण पडक्या भिंतींत राहिले आणि बाबासाहेबांचे लोकांच्या पावलांत राहिले, हेही मुलांना दाखविण्यासारखे आहे.

धुळे-साक्रीच्या परिसरात काळ्या दगडांच्या लांबच लांब, भिंतींसारख्या रांगा आढळतात. एखादे मूल विचारतेच, ही तटबंदी कोणी बांधली? ती कोणीच बांधलेली नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. जमिनीतील उभ्या भेगांतही तो रस भरून गोठला. कालांतराने भोवतीचा मऊ खडक झिजून गेला व भेगेतील कठीण खडक भिंतीसारखा उभा राहिला. मानवाने रचलेली भिंत आणि निसर्गाने उभी केलेली भिंत यांत फरक कसा ओळखावा, हे मुलांनाच शोधू द्यावे. चुना, सांधे, घडीव कडा यांचा शोध घेताना त्यांचे डोळे तयार होतात.

पांझरेच्या खोऱ्याकडे बोट करून गुरुजींनी फड-पद्धतीची माहिती दिली. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील नद्यांवर पूर्वापार दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यापासून पाट निघतो. पाटाखालची जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली असते. प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि दरवर्षी पिकांची पाळी बदलावयाची. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असावी, म्हणजे ऊस एकाकडे आणि कोरडवाहू दुसऱ्याकडे असे होत नाही. पाणी सोडण्यास पाटकरी, राखणीस जागल्या. त्यांचे मोल सर्वांनी मिळून द्यावयाचे आणि पाटातील गाळही सर्वांनी मिळून काढावयाचा. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागलेले तरुण अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे सुरुवातीचे एक काम याच पांझरेच्या पाटपाण्यावरचे होते; दातर्ती येथे नळाचा वक्रमार्ग काढून त्यांनी पाटाचे पाणी प्रवाहापलीकडे नेले. आज विहिरी, पंप व मोठी धरणे आल्यावर पुष्कळ ठिकाणी फड मोडले आहेत, आणि काही ठिकाणी ते टिकून आहेत.

येथे दुसरा प्रश्न आला. ‘गुरुजी, बंधारे टिकले, मग किल्ला का पडला?’

गुरुजींनी तो प्रश्न वर्गालाच परत केला. कोणी म्हणाले, तोफांनी पडला. कोणी म्हणाले, पावसाने. मघाचाच तो मुलगा म्हणाला, ‘आमच्या पहिल्या संचासारखं झालं असेल. त्याचं काम संपलं.’ दीपनगरचा पहिला संच १९६८ मध्ये सुरू झाला होता. पुढे मोठे संच आले आणि तो बंद करण्यात आला. मुलाचे उत्तर इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते, तथापि ते खरे होते. राजधानी बुऱ्हाणपुरास गेली, बळकट आश्रय असीरगडाचा झाला, पुढे राज्यच गेले, आणि इंग्रजी अमलात ठाणे धुळ्याच्या सपाटीवर बसले. लळिंगला काम उरले नाही. ज्या भिंतीला कोणी दरसाल डागडुजी करीत नाही, ती पाडण्यास तोफ लागत नाही. तिच्या सांध्यात रुजलेले पिंपळाचे एक रोप पुरते. ज्या बंधाऱ्याचा गाळ गाव दरवर्षी काढीत राहिले, तो उभा राहिला. ज्याचा सोडून दिला, तोही लळिंगच्याच वाटेने गेला.

तिसरा प्रश्न मात्र गुरुजींना सुचलाही नव्हता. तो त्या मुलीने विचारला. ती म्हणाली, ‘गुरुजी, आमचे लोक तेव्हा कुठं होते?’

गुरुजी क्षणभर थांबले. त्यांनी सांगितलेल्या इतिहासात सुलतान होते, बादशहा होता, इंग्रज अधिकारी होता. डोंगरात राहणारा भिल्ल त्यात कोठेच नव्हता. काहीतरी बोलून वेळ मारून नेणे कठीण नव्हते. तसे न करता ते म्हणाले, ‘या प्रश्नाचं उत्तर आज माझ्याजवळ नाही. शोधतो, आणि वर्गात सांगतो.’ सहलीतील सर्वांत मोलाचा क्षण हाच होय. शिक्षकाला सर्व ठाऊक असते हा समज त्या क्षणी वर्गातून गेला. पण शिक्षकावरचा विश्वास त्यामुळे कमी झाला नाही.

गुरुजींनी शब्द पाळला. तालुक्याच्या ग्रंथालयात बसून त्यांनी खानदेशचा इतिहास चाळला आणि आठ दिवसांनी वर्गात तो सांगितला. या मुलखाचे घाट व रानवाटा शतकानुशतके भिल्लांच्या राखणीत होत्या. त्यांच्या वाटांवरचे हक्क बुडाले तेव्हा त्यांनी प्रत्येक सत्तेशी झुंज दिली. १८१८ नंतर इंग्रजांनी त्यांच्यावर मोहिमा केल्या, आणि १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने त्यांच्यातूनच भिल्ल पलटण उभी केली. तिचे ठाणे जळगाव जिल्ह्यातील धरणगावी होते. लळिंगच्या पायथ्याचा हाच आग्रा रस्ता पुढे सातपुड्यात शिरतो, तेथील सेंधव्याच्या घाटाची राखण खाज्या नाईक करीत असे. १८५७ मध्ये तो इंग्रजांविरुद्ध उठला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे भिल्लांची इंग्रजी फौजेशी मोठी लढाई झाली. वर्ग ऐकत होता. ती मुलगी त्या दिवशी खाली पाहत नव्हती.

यावर गुरुजींनी आणखी एक गोष्ट जोडली. टाकी कोणी खोदली, चुना कोणी मळला, वेढ्यात पाणी कोणी वाहिले, त्यांची नावे फेरिश्त्याच्या ग्रंथात नाहीत. पण टाक्यातील छिन्नीचे घाव आजही दिसतात. ज्याचे नाव लिहिलेले नाही, त्याचे काम वाचावयास शिकणे हाही इतिहासच आहे.

आता एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. परतण्यापूर्वी एका मुलाने अणकुचीदार दगड उचलून भिंतीवर आपले नाव कोरण्यास सुरुवात केली. भिंतीवर आधीच रंगाने व चुन्याने लिहिलेली पुष्कळ नावे होती. त्याला वाटले, अशीच रीत असावी. गुरुजींनी त्याला रागावून दूर ओढले नाही. ‘हे अक्षर पुसून दाखव,’ एवढेच ते म्हणाले. मुलाने हाताने, मग ओल्या रुमालाने घासून पाहिले. ओरखडा गेला नाही. साऱ्या वर्गाने ते पाहिले. नंतर सर्वांनी मिळून टाक्याच्या आसपासच्या प्लास्टिकच्या बाटल्या व कागद गोळा केले आणि दोन पोती भरून खाली आणली. धन सापडेल या आशेने खणणारे, दगड उचलून नेणारे आणि नावे कोरणारे या तिघांच्या हातून आज किल्ल्यांचे जे नुकसान होते, ते पाच-सहाशे वर्षांच्या उन्हापावसानेही झाले नसेल. ते थांबविण्याचे सामर्थ्य पहारेकऱ्यापेक्षा प्राथमिक शिक्षकात अधिक आहे. कारण उद्या किल्ल्यावर जाणारा प्रत्येक माणूस आज कोणत्या तरी वर्गात बसलेला आहे.

अशा सहलीची तयारी कशी करावी, याविषयी काही सूचना ध्यानी घ्याव्यात. ज्या शिक्षकाने वर्ग न्यावयाचा, त्याने आठ-पंधरा दिवस आधी स्वतः जाऊन वाट, सावली, पाणी व धोक्याच्या जागा पाहून याव्यात. पालकांची लेखी संमती घ्यावी. हिवाळ्यातील दिवस निवडावा. पावसाळ्यात निसरडे असते व चैत्र-वैशाखात ऊन सोसत नाही. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे, आणि चढण्यापूर्वी, माथ्यावर व उतरल्यावर अशी तीनदा हजेरी घ्यावी. टाक्यांत उतरू देऊ नये. सुट्या दगडांच्या बुरुजांवर चढू देऊ नये. आग्यामोहोळ असेल तेथे धूर, आरडाओरडा व तीव्र वासाची अत्तरे वर्ज्य समजावीत. प्रथमोपचाराची पेटी शेवटच्या शिक्षकाजवळ असावी, कारण दमलेले मूल मागेच राहते. चढू न शकणाऱ्या मुलाला पायथ्याशी नुसते बसवून ठेवू नये. मंदिराचे रेखाचित्र काढणे, गावातील वृद्धांशी बोलणे ही कामे त्याच्याकडे द्यावीत. लळिंगला अशाच एका मुलाने गावकऱ्यांशी बोलून ‘आहे’ या अर्थी ‘शे’ कसे वापरतात, याची उदाहरणे लिहून आणली, आणि दुसऱ्या दिवशीचा भाषेचा तास त्याच्या वहीवर झाला.

परत आल्यावर ‘आमची सहल’ हा ठरीव निबंध लिहावयास लावू नये. गटांनी आपापल्या नोंदी एकत्र करून दीपनगर ते लळिंग असा पट्टीसारखा लांब नकाशा करावा व त्यात नद्या, माती, पिके व गावे भरावीत. टाक्याचा हिशेब निरनिराळ्या मापांनी पुन्हा मांडावा. शेवटी प्रत्येक मुलाने घरी जाऊन सुटला नाही असा एक प्रश्न लिहून आणावा. उत्तरांची वही सर्वच शाळांतून असते. प्रश्नांची वहीही असावी.

ज्या शाळांना लळिंगपर्यंत जाणे परवडणार नाही, त्यांनी हिरमुसले होऊ नये. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या रानात कण्हेरगड आहे, शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे, धुळ्याच्या उत्तरेस सोनगीर आहे. तेही नसले तर गावाची पडकी गढी, जुनी बारव, मोडलेला बंधारा किंवा वेशीबाहेरची वीरगळ कोठेही सापडेल. प्रश्न तेच तीन आहेत : येथे पाणी कोठून येत होते? याचे काम का संपले? आणि ज्यांची नावे लिहिलेली नाहीत, ते लोक कोठे होते?

त्या शाळेच्या सहलवहीत यंदा हाताने एक नवा रकाना आखलेला आहे. त्यावर मथळा आहे, ‘मुलांनी विचारलेले प्रश्न’. त्याखालची पहिली ओळ त्या मुलीच्या प्रश्नाची आहे, आणि तिच्या प्रगतिपुस्तकातील ‘अबोल’ हा शब्द वर्गशिक्षकांनी खोडून तेथे ‘झाडांची उत्तम जाणकार; वर्गाला वाट दाखविते’ असे लिहिले आहे. जिल्ह्यातील प्रत्येक शाळेने येत्या हिवाळ्यात आपल्या सहलवहीत असा एक रकाना आखावा, आणि तो कोरा राहणार नाही अशी काळजी घ्यावी, एवढीच विनंती आहे.